चिटणीसाची ओळ: ईमेलवर नाव कुणाचं, याचा इतिहास

परदेशातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी मंडळाचा एक ईमेल पत्ता असतो. कधी तो ‘संपर्क’ असतो, कधी ‘समिती’, कधी थेट ‘अध्यक्ष’. गणपतीची वर्गणी, दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं, नाटकाची तारीख पुढे गेल्याची सूचना, सगळं त्याच पत्त्यावरून येतं. पत्ता एक, पण त्यामागे माणसं चार-पाच. समिती बदलली की पासवर्ड एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि जुन्या हातातून तो खरंच सुटला का, हे कुणी फारसं विचारत नाही. आता समजा, त्या पत्त्यावरून एक भलतंच पत्र गेलं: ‘यंदाची वर्गणी या नव्या खात्यात भरा.’ कुणी पाठवलं? पत्रावर नाव आहे ‘अध्यक्ष’. पण अध्यक्ष तर म्हणतात, मी नाही पाठवलं.

पॉडकास्टच्या या भागात आपण स्पॅमबद्दल बोललो, आणि बोलता बोलता हा मुद्दा निसटता येऊन गेला. म्हणून इथे तो जरा नीट मांडते. प्रश्न साधा आहे: एकाच मेल सर्व्हरवर अनेक माणसं असतील, तर कुणी कुठल्या नावानं पत्र पाठवायचं, हे कोण ठरवतं? याचं उत्तर गेल्या साठ वर्षांत दोन-तीनदा बदललंय. ईमेलची रचना करणाऱ्यांनी पत्रात चिटणीसासाठी एक वेगळी ओळ राखून ठेवली होती. ती ओळ आजही नियमात आहे. पण आज खऱ्या-खोट्याचा निवाडा करणारी व्यवस्था तिच्याकडे बघत नाही.

एक मशीन, अनेक माणसं

ईमेलचा जन्म इंटरनेटच्या आधीचा आहे. तो एकाच मशीनच्या पोटात झाला. एमआयटीमध्ये १९६० च्या दशकात सीटीएसएस नावाची टाइम-शेअरिंग व्यवस्था होती. एक भलामोठा आयबीएम ७०९४ संगणक, आणि त्याला आपापल्या टर्मिनलवरून जोडलेले अनेक जण. १९६५ साली टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी त्यावर ‘मेल’ नावाची कमांड लिहिली. पत्र कुठे जायचं? कुठेच नाही. त्याच मशीनवर दुसऱ्याच्या नावाची एक फाईल असायची, तिच्या शेवटी तुमचा मजकूर जोडला जायचा, बस.

इथे पाठवणारा कोण, हा प्रश्नच नव्हता. तुम्ही लॉगिन केलेलं असायचं. सीटीएसएसवर माणसाची ओळख म्हणजे दोन क्रमांक, एक प्रकल्पाचा आणि एक प्रोग्रामरचा. मशीनला तुम्ही कोण हे आधीच ठाऊक. वाड्यातल्या वाड्यात चिठ्ठी पाठवावी तसं ते होतं. आणणारा ओळखीचा, अक्षर ओळखीचं.

पण वाड्यातही किल्ल्या सगळ्यांकडे सारख्या नसतात. १९७१ मध्ये सीटीएसएसच्या एका सिस्टिम प्रोग्रामरनं आपल्या विशेष अधिकाराचा वापर करून मशीनवरच्या सगळ्यांना युद्धविरोधी संदेश पाठवला. व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. संदेशाशी अनेक जण सहमत असतीलही. पण एक गोष्ट त्या दिवशी दिसली: सामायिक मशीनवर कोण काय पाठवू शकतं, हा तांत्रिक प्रश्न असतोच, शिवाय तो अधिकाराचाही असतो.

‘@’ आणि चिटणीस

त्याच १९७१ मध्ये बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवरून एका मशीनवरचं पत्र दुसऱ्या मशीनवर पोचवलं. ती दोन मशीन्स एकाच खोलीत शेजारी शेजारी होती, हा त्यातला गमतीचा भाग. माणूस आणि मशीन यांच्यामध्ये त्यांनी ‘@’ हे चिन्ह घातलं. त्या चिन्हानं पत्त्याची वाटणी केली. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचं यंत्र. ‘हा माणूस खरा’ असं सांगायची जबाबदारी आपोआप उजव्या बाजूवर आली.

मग पत्राचा वरचा भाग कसा असावा, यावर चर्चा सुरू झाली. या चर्चा ‘आरएफसी’ नावाच्या मसुद्यांमधून चालत. कुणीही मसुदा मांडायचा, बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचे. सप्टेंबर १९७३ च्या ५६१ क्रमांकाच्या आरएफसीत ‘फ्रॉम’, ‘डेट’, ‘सब्जेक्ट’ या ओळी ठरल्या. त्याच्या चार लेखकांत पहिलं नाव आहे अभय भूषण यांचं. हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून एमआयटीत आलेले. फाईल पाठवायच्या एफटीपी या नियमावलीचा पहिला मसुदाही त्यांचाच. आपण आज रोज जी ‘फ्रॉम’ची ओळ बघतो, तिच्या घडणीत हा एक हात आहे.

खरी मजा पुढे आहे. १९७७ साली ७३३ क्रमांकाची आरएफसी आली, आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी ती सुधारून ८२२ क्रमांकाची लिहिली. यात पाठवणाऱ्यासाठी एक नाही, तीन ओळी आहेत. ‘फ्रॉम’ म्हणजे पत्र कुणाचं. ‘सेंडर’ म्हणजे ते प्रत्यक्ष पाठवलं कुणी. ‘रिप्लाय-टू’ म्हणजे उत्तर कुणाला द्यायचं. ८२२ मध्ये उदाहरणंही दिली आहेत. एकात साहेबांच्या वतीनं त्यांची सेक्रेटरी पत्र पाठवते. दुसऱ्या एकात समितीतले तिघे मिळून पत्र लिहितात, पण पाठवतो एकटा. ‘फ्रॉम’मध्ये अनेक नावं चालतील, ‘सेंडर’मध्ये मात्र एकच. आणि महत्त्वाची अट अशी की ‘सेंडर’मध्ये तेच नाव यावं, जे मशीननं स्वतः पडताळलेलं आहे. पत्र पोचलं नाही, काही घोळ झाला, तर कळवायचंही त्यालाच.

मराठीत आपल्याकडे या माणसासाठी चांगला शब्द आहे: चिटणीस. शिवाजी महाराजांची पत्रं बाळाजी आवजी चिटणीस लिहीत. पत्र महाराजांचं, हात चिटणीसांचा. मुंबईच्या जीपीओबाहेर बसणारे पत्रलेखकही हेच काम करत. गिरणीतल्या कामगाराचं पत्र, मनीऑर्डरचा फॉर्म, लिहिणारा वेगळा, बोलणारा वेगळा. पत्राचा धनी आणि पत्राचा लेखक ही दोन माणसं असू शकतात, हे आपल्याला नवीन नाही. १९८२ च्या नियमानं एवढंच म्हटलं की असं असेल तर दोन्ही नावं पत्रावर दिसू द्या.

पाकीट वेगळं, पत्र वेगळं

८२२ च्या बरोबरच, त्याच महिन्यात, जॉन पोस्टेल यांची ८२१ क्रमांकाची आरएफसी आली. ही एसएमटीपी, म्हणजे एका मशीननं दुसऱ्या मशीनला पत्र कसं द्यायचं याची रीत. आजही मुळात तीच चालते. ती साधारण अशी: पाठवणारं मशीन आधी आपलं नाव सांगतं, मग ‘हे पत्र अमक्याकडून’, मग ‘हे तमक्याला’, आणि शेवटी पत्राचा मजकूर.

यातलं ‘अमक्याकडून’ हे पाकिटावरचं नाव. पत्र परत आलं तर कुठे पाठवायचं, त्यासाठी. ते मजकुरातल्या ‘फ्रॉम’शी जुळलंच पाहिजे, अशी अट नाही. त्यामुळे सामायिक सर्व्हरवरच्या कुठल्याही पत्राला तीन नावं असू शकतात: लॉगिन केलेल्या माणसाचं, पाकिटावरचं, आणि पत्राच्या माथ्यावरचं. वाचणाऱ्याला दिसतं फक्त तिसरं. पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही तीन नावं एकमेकांना बांधायची धडपड आहे.

आणि एसएमटीपीत पडताळणी? काहीच नाही. पलीकडचं मशीन जे सांगेल ते खरं मानायचं. हा निष्काळजीपणा नव्हता. तेव्हा जाळ्यावर जी काही मशीन्स होती ती विद्यापीठांची, संशोधन संस्थांची, लष्कराची. प्रत्येक मशीनला एक जबाबदार माणूस होता, आणि तो आपल्या घरातल्यांना ओळखत होता. पोस्टमननं दारात येऊन ओळखपत्र मागायचं नसतं, तसा हा हिशेब.

बर्कलीतली भरवशाची माणसं

हा घरातला हिशेब प्रत्यक्षात कसा चालायचा, ते बर्कलीत दिसतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर इन्ग्रेस नावाचा डेटाबेसचा प्रकल्प होता, आणि अर्पानेटची जोडणी त्यांच्या मशीनला होती. साहजिकच सगळ्यांना त्या मशीनवर खातं हवं झालं, कारण बाहेर पत्र पाठवायचं तर तिथूनच. त्या मशीनची देखभाल करणारे एरिक ऑलमन. प्रत्येकाला खातं देत बसण्यापेक्षा त्यांनी १९७९ च्या सुमारास ‘डिलिव्हरमेल’ हा प्रोग्राम लिहिला. कॅम्पसमधल्या वेगवेगळ्या जाळ्यांवरची पत्रं तो इकडून तिकडे करायचा. त्यातलं एक जाळं होतं बर्कनेट. ते लिहिलं होतं एरिक श्मिट यांनी, जे पुढे गूगलचे प्रमुख झाले. डिलिव्हरमेलचाच पुढचा अवतार म्हणजे सेंडमेल, १९८३ मध्ये बीएसडी युनिक्सबरोबर आलेला. पुढची पंधरा-वीस वर्षं जगातलं बरंचसं ईमेल त्याच्यातूनच गेलं.

सेंडमेलमध्ये ‘भरवशाचे वापरकर्ते’ अशी एक छोटी यादी असायची. सर्वसाधारण माणसानं पत्र पाठवलं की पाकिटावर त्याचं लॉगिनचं नाव जायचं. दुसऱ्याचं नाव घालायचा अधिकार फक्त या यादीतल्यांना. यादीत माणसं कमी आणि यंत्रणेचीच खाती जास्त: मशीनचा मुख्य प्रशासक, बाहेरून आलेली पत्रं आत घेणारी प्रक्रिया, अशी. आणि हे रास्तच होतं. बाहेरून आलेलं पत्र पुढे ढकलताना त्यावर मूळ पाठवणाऱ्याचंच नाव हवं ना. पुढच्या आवृत्त्यांत यादीबाहेरच्या कुणी नाव बदललं तर सेंडमेल पत्र थांबवत नसे, पण माथ्यावर एक इशारा चिकटवायचा: या या लॉगिननं पाठवणाऱ्याचं नाव बदललेलं आहे. तिऱ्हाईतानं वाचलं तरी कळेल.

दुसरी सोय याच्या उलट दिशेची. मोठ्या विभागात वीस मशीन्स असतील तर वीस प्रकारचे पत्ते बाहेर जायचे. म्हणून बाहेर जाताना मशीनचं नाव पुसून फक्त संस्थेचं नाव ठेवायचं, याला ‘मास्करेड’ म्हणत, म्हणजे मुखवटा. पुढे यात माणसागणिक तक्ते आले. डावीकडे आतलं लॉगिन, उजवीकडे बाहेर दिसायचं नाव. आत ‘जे४२’, बाहेर नाव-आडनाव. उलटा तक्ता येणाऱ्या पत्रांसाठी. सामायिक सर्व्हरचा प्रशासक म्हणजे मुख्यतः या दोन तक्त्यांचा राखणदार. कुणाचं लग्न झालं, कुणी नाव बदललं, कुणी सोडून गेलं, की तक्त्यातली ओळ बदलायची.

यातून सोय झाली, पण एक गोष्ट हळूच बदलली. पत्त्यात माणूस जिथे बसतो ते मशीन दिसेनासं झालं आणि फक्त संस्था उरली.

जुहू ते व्हीएसएनएल

भारतातही सुरुवात अशाच मोजक्या, ओळखीच्या यंत्रांपासून झाली. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं ‘अर्नेट’ सुरू केलं. आठ संस्था: पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, दिल्लीतला खुद्द विभाग, आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी. सुरुवातीची पत्रं फोनच्या लाईनवरून यूयूसीपी पद्धतीनं जायची. एक मशीन दुसऱ्याला फोन लावणार, साठलेली पत्रं देणार-घेणार, फोन ठेवणार. देशाबाहेर जाणाऱ्या पत्रांचं दार एनसीएसटीत होतं. तिथले संचालक श्रीनिवासन रामाणी यांचा पुढे इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. तुमच्यापैकी कुणाच्या आईबाबांच्या जुन्या वहीत ‘जीआयएएसबीएम०१’ असं काहीतरी असलेला पत्ता सापडेल. यातलं ‘जीआयएएस’ म्हणजे त्या सेवेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे, आणि ‘०१’ म्हणजे पहिलं मशीन. पुण्याच्या पत्त्यात ‘बीएम’च्या जागी ‘पीएन’. अगदी सत्तरच्या दशकासारखा पत्ता: माणूस, मग त्याचं यंत्र. स्वस्तातलं खातं असेल तर काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं, आणि पत्र लिहायला ‘पाईन’ हा प्रोग्राम. म्हणजे एका युनिक्स मशीनवर एकाच वेळी शेकडो घरं लॉगिन केलेली.

आणि घरांमध्ये काय होतं? खातं एक, बहुतेक वडिलांच्या नावावर. त्यावरून आई अमेरिकेतल्या मुलीला लिहायची, भाऊ मित्रांना, शेजारचे काका त्यांच्या सिंगापूरच्या मुलाला. ‘फ्रॉम’मध्ये प्रत्येक वेळी वडिलांचंच नाव. म्हणून पत्राची सुरुवातच व्हायची, ‘आई लिहितेय’. ८२२ नं ज्या कामासाठी वेगळी ओळ दिली होती, ते काम लोकांनी मजकुराच्या पहिल्या ओळीत स्वतः केलं. सर्व्हरला कुटुंब कळत नव्हतं, वाचणाऱ्याला कळत होतं.

भरवसा संपतो

खोट्या नावाची गंमत तोवर लोकांनी पाहिलेली होती. १ एप्रिल १९८४ ला यूजनेट या चर्चाजाळ्यावर सोव्हिएत नेते चेर्नेन्को यांच्या नावानं, ‘क्रेमव्हॅक्स’ नावाच्या मशीनवरून एक संदेश आला: आम्हीही तुमच्यात सामील होत आहोत. पाठवणारे होते नेदरलँड्सचे पीट बीर्टेमा. एप्रिल फूलच तो, पण कितीतरी जण फसले. चर्चाजाळं असो की ईमेल, नाव खरं आहे याची हमी कुणीच देत नव्हतं.

१९९० च्या दशकात गंमत संपली. व्यापारी स्पॅम सुरू झालं, आणि त्याला दोन गोष्टी आयत्या मिळाल्या. एक, कुठलाही सर्व्हर कुणाचंही पत्र पुढे ढकलायचा. दुसरी, ‘फ्रॉम’मध्ये काहीही लिहिता यायचं. १९९७ मध्ये जो नावाच्या एका वेबसाईट चालवणाऱ्या माणसानं एका स्पॅमरचं खातं बंद केलं. त्या स्पॅमरनं सूड म्हणून जोच्याच नावानं जगभर स्पॅम पाठवलं. संतापलेल्या लोकांची उत्तरं आली बिचाऱ्या जोला. तेव्हापासून या प्रकाराचं नावच ‘जो जॉब’ पडलं.

यावर उपाय झाले ते झपाट्यानं. मे १९९८ मध्ये आलेल्या सेंडमेल ८.९ नं परक्यांची पत्रं पुढे ढकलणं मुळातच बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरात एक नवी आरएफसी आली, आणि तिनं दोन दारं वेगळी केली. दुसऱ्या सर्व्हरकडून येणारी पत्रं जुन्याच २५ क्रमांकाच्या पोर्टवर, आणि आपल्याच वापरकर्त्यांनी पाठवायला दिलेली पत्रं ५८७ वर. १९९९ मध्ये पत्र देतानाच लॉगिन करायची रीत प्रमाणित झाली. आजही ईमेल ॲपमध्ये सर्व्हरची माहिती भरताना ५८७ हा आकडा भेटतो, तो इथला.

या दोन दारांचं महत्त्व मोठं आहे. पहिल्या दारातून येणाऱ्याला तुम्ही ओळखत नाही. दुसऱ्यातून येणारा तुमचा आहे, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. म्हणजे त्यानं कुठलं नाव वापरावं, हे ठरवणं तुम्हाला शक्य आहे. डिसेंबर १९९८ मध्येच आयबीएममधल्या वित्से व्हेनेमा यांनी पोस्टफिक्स हा नवा मेल सर्व्हर खुला केला. त्यात पुढे नेमक्या या कामासाठी एक तक्ता आला. डावीकडे पत्ता, उजवीकडे तो वापरायची मुभा असलेली लॉगिनं. ‘अध्यक्ष’ या पत्त्यासमोर दोन नावं लिहिली, तर तिसऱ्याचं पत्र दारातच परत. मंडळाच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, आणि ते कधीचं उपलब्ध आहे.

पण दोन खाचा आहेत. एक, हा तक्ता आपोआप लागू होत नाही. प्रशासकानं तो लिहावा लागतो, नियम चालू करावा लागतो, आणि समिती बदलली की ओळ बदलावी लागते. दुसरी खाच खोल आहे: तो तपासतो पाकिटावरचं नाव. पत्राच्या माथ्यावरचं ‘फ्रॉम’ त्याच्या कक्षेत नाही. लॉगिन आणि पाकीट बांधलं गेलं, तिसरं नाव मोकळंच राहिलं.

शिक्कामोर्तब

मोकळं राहिलेलं नाव बांधायला पुढची तीन पावलं पडली. २००३ च्या सुमारास मेंग वेंग वाँग यांनी एसपीएफ पुढे आणलं, आणि २००६ मध्ये त्याची आरएफसी झाली. संस्थेनं जाहीर करायचं, ‘आमची पत्रं या या सर्व्हरवरूनच निघतात’. हेही तपासतं पाकीटच. २००७ मध्ये याहू आणि सिस्को यांच्या कामातून डीकेआयएम आलं. यात संस्थेचा सर्व्हर पत्रावर गणिती सही करतो.

जुनी मोडी पत्रं पाहिली असतील तर ही सही चटकन कळेल. पत्राला शिक्का असे, तो कुणाचं पत्र ते सांगे. आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे त्याच्यापुढे कुणी मागाहून ओळ घुसवू नये. आपण रोज ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो, तो शब्द या दोन ठशांचा आहे. डीकेआयएम दोन्ही कामं करतं. मात्र त्यात ‘मजकुराच्या इतक्याच भागावर सही’ असं म्हणायची एक सोय ठेवली होती. ती वापरली की सहीच्या खाली कुणीही भर घालू शकतं. शिक्का आहे पण मोर्तब मधेच, असं ते झालं. ही सोय वापरू नका, असंच जाणकार सांगतात.

तिसरं पाऊल डीमार्क, २०१२ मध्ये जाहीर झालेलं आणि २०१५ मध्ये आरएफसी म्हणून छापलं गेलेलं. ते म्हणतं: एसपीएफ किंवा डीकेआयएममधून जे संस्थेचं नाव सिद्ध झालं, ते माथ्यावरच्या ‘फ्रॉम’मधल्या संस्थेशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर काय करायचं, हे ती संस्थाच जाहीर करते: चालू द्या, स्पॅममध्ये टाका, किंवा नाकारा. अखेर तिसरं नाव बांधलं गेलं.

पण कशाला? ‘@’च्या उजव्या बाजूला. डीमार्कला डाव्या बाजूशी देणंघेणं नाही, आणि ‘सेंडर’च्या ओळीशीही नाही. साहेबांच्या नावानं दुसऱ्या घरातल्या चिटणीसानं पाठवलेलं पत्र, दोघांची नावं प्रामाणिकपणे लिहूनही, आता अप्रामाणिक ठरतं. यामागे कारण आहे. बहुतेक ॲप्स ‘सेंडर’ दाखवतच नाहीत, आणि जे वाचणाऱ्याला दिसत नाही त्याच्यावर भरवसा ठेवून उपयोग काय? तर्क बिनचूक आहे. फक्त त्यात चिटणीसाची जागा गेली.

ती गेल्याचं जगाला कळलं एप्रिल २०१४ मध्ये. याहूनं जाहीर केलं की याहूच्या नावाचं पण न जुळणारं पत्र सरळ नाकारा. पाठोपाठ एओएलनं तेच केलं. चर्चागटांचं काम मुळात चिटणीसाचं. सदस्याचं पत्र घ्यायचं आणि त्याच्याच नावानं सगळ्यांना पाठवायचं. एका रात्रीत याहूवाल्या सदस्यांची गटावरची पत्रं जीमेल, हॉटमेलनं नाकारायला सुरुवात केली. विचित्र भाग असा की परत आलेल्या पत्रांमुळे गटाच्या प्रोग्रामला वाटलं, हे जीमेलवाले पत्तेच बंद पडलेत. आणि त्यानं त्यांनाच गटातून काढलं. शेवटी ‘मेलमन’सारख्या प्रोग्राम्सनी ‘फ्रॉम’मध्ये सदस्याऐवजी गटाचाच पत्ता घालायची सोय केली. म्हणजे खोट्या नावांविरुद्धच्या नियमामुळे पत्रावरचं खरं नाव पुसावं लागलं.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी, दिवसाला हजारोंनी पत्रं पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या बाबतीत आकडा आहे ५,०००. स्पॅमविरुद्ध हे चांगलंच पाऊल आहे. पण स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या छोट्या संस्थेला ते अवघड जातं, आणि मग ती एखाद्या मोठ्या पुरवठादाराच्या सामायिक सर्व्हरवर जाते.

उजवी बाजू खरी, डावी?

आणि तिथे आपण सुरुवातीला परत येतो. अनेक संस्थांचा मिळून एक सर्व्हर. त्या प्रत्येक संस्थेनं जाहीर केलेलं, ‘आमची पत्रं या सर्व्हरवरून निघतात’. मग त्याच सर्व्हरवरच्या एका गिऱ्हाइकानं आपल्या पासवर्डनं लॉगिन करून शेजारच्या गिऱ्हाइकाच्या नावानं पत्र पाठवलं तर? एसपीएफ म्हणेल, सर्व्हर बरोबर. कधी कधी तो सर्व्हर शेजाऱ्याची सहीही ठोकेल. डीमार्क म्हणेल, जुळलं. जुलै २०२४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट समन्वय केंद्रानं याच प्रकाराचा जाहीर इशारा दिला: सामायिक सेवांमध्ये लॉगिन केलेला माणूस आणि त्यानं लिहिलेलं ‘फ्रॉम’ यांची जुळणी पुरेशी तपासली जात नाही. बाहेर शिक्का, मोर्तब, पहारा, सगळं आलं. आतला तक्ता मात्र कोऱ्या पाटीसारखा.

मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९६५ मध्ये मशीन माणसाला ओळखत होतं आणि बाहेरचं जग त्या ओळखीत नव्हतंच. आज बाहेरचं जग संस्थेला गणिती खात्रीनं ओळखतं, पण संस्थेतला माणूस कोण, हे सांगायचं काम अजूनही त्याच जुन्या, घरातल्या तक्त्याचं आहे. ते कुठलीही आरएफसी आपल्यासाठी करणार नाही. ते कुणीतरी बसून करायचं असतं. प्रयोगशाळेत, कंपनीत, मंडळात.

मंडळाचं उदाहरण घेऊ. पासवर्ड वाटून घेतला की सर्व्हरच्या दृष्टीनं पाच माणसांचा एक माणूस होतो, आणि वर्गणीचं भलतं पत्र कुणी लिहिलं हे सर्व्हरलाही सांगता येत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला आपलं लॉगिन आणि सामायिक पत्त्यावर फक्त परवानगी दिली, तर नोंद राहते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये या परवानगीचे दोन प्रकार आहेत. एकात पत्र थेट ‘अध्यक्ष’ म्हणून जातं. दुसऱ्यात वाचणाऱ्याला दिसतं, ‘अध्यक्षांच्या वतीनं अमुक’. घर एकच असल्यानं डीमार्कचीही हरकत नाही. म्हणजे १९७७ ची ती ओळ अजून जिवंत आहे, मागितली तर मिळते. बहुतेक ठिकाणी पहिला प्रकार निवडला जातो, कारण तो दिसायला नीटनेटका.

यंदा समिती बदलेल तेव्हा नव्या लोकांना हार घालण्याआधी एक काम करा. ‘अध्यक्ष’ या पत्त्यासमोर कुणाकुणाची नावं लिहिलेली आहेत, ते विचारा. आणि उत्तर ‘पासवर्ड सगळ्यांकडेच आहे’ असं आलं, तर तो आधी बदला.